"घरी तर करते, इथंच काहून नाही?" : लहान दिव्यांग मुलांचे विकास-मूल्यमापन

अडीच वर्षांचा एक मुलगा टेबलासमोर आईच्या मांडीवर बसलेला आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे. समोर इंचभर आकाराचे लाल लाकडी ठोकळे, एक कप आणि चित्रांचे पुस्तक मांडलेले आहे. मी एका ठोकळ्यावर दुसरा ठेवून दाखवते. तो माझ्याकडे पाहतो, ठोकळा मुठीत धरतो आणि थेट तोंडात घालतो. आई ओशाळते. "घरी तर बराबर करते जी तो, डब्यावर डबे रचते. इथंच काहून नाही करून राहिला काय मालूम," असे ती म्हणते, आणि थोड्या वेळाने आवाज खाली आणून विचारते, "मॅडम, पास होईन ना?"

नागपुरात विशेष शिक्षिका म्हणून काम करताना ही दोन्ही वाक्ये मी असंख्य वेळा ऐकली आहेत. दुसऱ्या वाक्यातला गैरसमज समजण्यासारखा आहे, कारण खोली, टेबल, समोर बसलेली बाई आणि तिच्या हातातला कागद या सगळ्यांमुळे तो प्रसंग परीक्षेसारखाच दिसतो. पहिले वाक्य मात्र त्या दिवशी हाती आलेली सर्वांत मोलाची माहिती असू शकते, आणि ती का, हे समजण्यासाठी विकास-मूल्यमापन म्हणजे नेमके काय असते ते थोडे सविस्तर पाहावे लागेल.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. अंगणवाडीत येणारे आरोग्य पथक मुलांना तपासते, तेव्हा ते चाळणी लावत असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात, पालघर येथून सुरू झाला आणि त्याखाली जन्मजात दोष, पोषणाची कमतरता, आजार आणि विकासातील विलंब या चार प्रकारच्या अडचणी जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये शोधल्या जातात. अंगणवाडीतील मुलांची अशी तपासणी वर्षातून दोनदा होणे अपेक्षित आहे. चाळणीत अडकलेल्या मुलाला पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. चाळणीचे काम एवढेच, की कोणाकडे बारकाईने पाहायला हवे ते सांगणे. गहू चाळताना एखादा चांगला दाणा वर राहतो आणि एखादा खडा खाली जातो, तसे इथेही होते. त्यामुळे चाळणीत अडकलेल्या प्रत्येक मुलाला दिव्यांगत्व असतेच असे नाही आणि चाळणीतून सुटलेल्या मुलाबद्दल आईला वाटणारी काळजी निराधार ठरत नाही. मूल्यमापन ही त्यानंतरची, एका मुलासाठी एक-दोन तास, कधी दोन-तीन भेटी घेणारी प्रक्रिया आहे.

त्यात काय पाहतात, याचे उत्तर पुस्तकांत 'विकासाची क्षेत्रे' या नावाने दिलेले असते. मी ते पालकांना तान्ह्या पोळ्याच्या बैलावरून सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मुले सजवलेला लाकडी बैल घेऊन निघतात. दोन-अडीच वर्षांचे मूल दोरी पकडते, तेव्हा बोटांची सूक्ष्म हालचाल दिसते. दोरी ओढली की बैल येतो हे त्याला कळते, म्हणजे कार्यकारणाचे आकलन आले. ओढता ओढता मागे वळून बैल पडला का ते पाहते आणि तरी स्वतः पडत नाही, म्हणजे शरीराचा तोल आला. "बैल कुठाय?" म्हटल्यावर तिकडे पाहते, हे भाषेचे ग्रहण, "बै" म्हणते, ही अभिव्यक्ती. शेजारच्या काकूंपुढे बोजाऱ्यासाठी, म्हणजे या दिवशी मुलांना मिळणाऱ्या खाऊ-पैशांसाठी, हात पसरते आणि मिळेपर्यंत थांबते, हा सामाजिक व्यवहार. टोपी स्वतः घालायचा हट्ट करते, ते स्वावलंबन. मूल जगताना ही क्षेत्रे अशी एकात एक गुंतलेली असतात आणि आपण ती कागदावर वेगळी करतो, कारण कुठला धागा सैल आहे ते अन्यथा दिसत नाही.

कुठल्या वयात काय यायला हवे, या प्रश्नावर घराघरांत वाद होतात. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांचा अभ्यास करून 2006 साली प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार आधाराशिवाय चालणे 8.2 महिन्यांपासून 17.6 महिन्यांपर्यंत केव्हाही सुरू होऊ शकते. आधाराशिवाय बसण्याची हीच मर्यादा 3.8 ते 9.2 महिने आहे. त्याच अभ्यासात सुमारे 4.3 टक्के मुले हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तरी पुढे चालू लागली. म्हणून "शेजारची पोट्टी दहाव्या महिन्यात चालत होती" या तुलनेला फारसा अर्थ नाही. मात्र मर्यादा रुंद आहे याचा अर्थ ती नाहीच, असा घेऊ नये. "ह्याचा बाप बी उशिरानंच बोलला होता" या एका वाक्याने किती मुलांची पहिली दोन वर्षे वाया गेली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. आणि आलेले कौशल्य हरवू लागले, बोललेले शब्द थांबले, धरणारा हात धरेनासा झाला, तर वयाचे कोष्टक बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठावे.

वेळेआधी जन्मलेल्या बाळाचे वय दुरुस्त करून धरावे लागते. 32 आठवड्यांना जन्मलेले बाळ पूर्ण दिवसांच्या बाळापेक्षा आठ आठवडे मागून निघालेले असते, त्यामुळे ते दहा महिन्यांचे झाले की त्याच्याकडून आठ महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा ठेवायची. ही सूट साधारण दोन वर्षांपर्यंत देतात.

मोजपट्ट्या आणि त्यांचा आकडा

मोजपट्ट्यांच्या इतिहासात नागपूरचे नाव आहे, हे इथल्या फार थोड्या पालकांना ठाऊक असते. एडगर डॉल यांनी अमेरिकेतील व्हाइनलँड येथे 1935 साली सामाजिक परिपक्वतेची एक मोजपट्टी तयार केली. मूल स्वतः जेवते का, कपडे घालते का, घराबाहेर एकटे कितपत जाते, अशा रोजच्या गोष्टींवर ती बेतलेली होती. तिचे भारतीय रूपांतर ए. जे. मॅलिन यांनी नागपुरात केले, आणि 89 कलमांचे (म्हणजे तपासायच्या बाबींचे), जन्मापासून 15 वर्षांपर्यंतच्या वयासाठी असलेले ते रूपांतर 'नागपूर रूपांतर' म्हणूनच देशभर ओळखले जाते. फक्त अगदी लहान वयासाठी डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्यातील बालकांवर प्रमाणित केलेली मोजपट्टी, जिला सगळे 'डासी' म्हणतात, अडीच वर्षांपर्यंत वापरतात. तीत शरीराच्या हालचालींची 67 आणि मानसिक विकासाची 163 कलमे आहेत. परदेशी मुलांच्या सरासरीशी आपली मुले ताडून पाहण्याऐवजी भारतीय बाळांचे आकडे भारतात मिळवण्याचे हे काम किती कष्टाचे असेल, याची कल्पना एका मुलाची 230 कलमे तपासताना येते.

या मोजपट्ट्यांतून विकासाचे वय निघते आणि त्याला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणले की विकासांक मिळतो. मूल 30 महिन्यांचे आणि त्याची कौशल्ये सर्वसाधारण 18 महिन्यांच्या मुलाइतकी, तर विकासांक 60. साधारण 70 किंवा त्याखालचा अंक विलंब दाखवतो. हिशेब सोपा असल्यामुळेच तो फसवा आहे. तीस महिन्यांच्या दोन मुलांची कल्पना करा. एकाची सर्व कौशल्ये 18 महिन्यांच्या आसपास आहेत. दुसऱ्याच्या शरीराच्या हालचाली 10 महिन्यांच्या, तर समज 26 महिन्यांची. सरासरी काढली तर दोघेही 18. पहिल्याला सर्वच बाजूंनी सावकाश शिकवावे लागेल, तर दुसऱ्याच्या हुशार डोक्याला न ऐकणाऱ्या हातापायांतून वाट काढून द्यावी लागेल. दोघांना एकच आकडा देणारा अहवाल दुसऱ्याच्या बाबतीत अन्याय करतो. म्हणूनच डासीमध्ये दोन भागांचे अंक वेगवेगळे काढतात, आणि पालकांनी अहवाल हाती आल्यावर एकत्रित अंकाच्या आधी ते दोन आकडे विचारावेत.

आणखी एक गैरसमज प्रमाणपत्राच्या रांगेत ऐकू येतो. अंक 60 आला म्हणजे शंभरातून वजा करून 40 टक्के दिव्यांगत्व, असे गणित लोक मांडतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केलेले आहे आणि बहुतेक लाभांसाठी किमान 40 टक्क्यांची अट आहे, पण ते टक्के असे वजाबाकीने ठरत नाहीत. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत बौद्धिक दिव्यांगत्वासाठी त्याच सामाजिक परिपक्वतेच्या मोजपट्टीवरचे टप्पे दिले होते, आणि त्यांत 55 ते 69 या अंकांसाठी 50 टक्के धरले जात. प्रमाणपत्रासाठीचा आकडा आणि शिकवण्यासाठीचे मूल्यमापन यांचे कागद सारखे दिसले तरी काम वेगळे आहे. प्रमाणपत्र सवलत मिळवून देते. उद्या सकाळी मुलाला काय शिकवायचे, हे ते सांगत नाही.

दिव्यांगत्व कौशल्याच्या आड येते तेव्हा

खरी अवघड जागा इथे आहे. बहुतेक मोजपट्ट्या दिसणाऱ्या, ऐकणाऱ्या आणि हात हलवू शकणाऱ्या मुलांवर तयार झाल्या. 'कपाखाली लपवलेला ठोकळा शोधतो' हे कलम स्मरण आणि आकलन तपासण्यासाठी आहे, पण ते पूर्ण करायला कप उचलावा लागतो. सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे, ज्याचे हात ताठ आहेत, त्या मुलाला ठोकळा कुठे आहे ते पक्के ठाऊक असते आणि कप मात्र उचलता येत नाही. कागदावर 'नाही' अशी खूण होते, आणि ती खूण हाताची असून नोंद मात्र बुद्धीच्या रकान्यात होते. अशा मुलासमोर मी दोन कप एकमेकांपासून दूर ठेवते आणि त्याची नजर कुठे थांबते ते पाहते. त्याने पुन्हा पुन्हा योग्य कपाकडे पाहिले, तर त्याने उत्तर दिलेले आहे.

दृष्टिहीन बाळाचा प्रश्न आणखी खोल आहे. दिसणारे बाळ चार-पाच महिन्यांचे झाले की समोरच्या वस्तूकडे हात नेते. न दिसणाऱ्या बाळाला खुळखुळ्याचा आवाज येतो, पण जिथून आवाज येतो तिथे हातात धरता येण्याजोगे काही आहे, हे त्याला अनुभवातूनच शिकावे लागते, आणि निव्वळ आवाजाकडे हात नेण्यास पहिले वर्ष सरत येते. पुढे जायला खुणावणारे काही दिसतच नसल्याने रांगणेही लांबते. हा उशीर त्या बाळाच्या वाटेचाच भाग आहे, हे ज्याला ठाऊक नाही तो तपासनीस त्याच्या नावापुढे मतिमंदत्वाचा शिक्का मारून मोकळा होतो. ऐकू न येणाऱ्या मुलाला तोंडी सूचना देऊन त्याची समज मोजणे हाही तसाच प्रकार. तो खुणेने पाणी मागत असेल, तर ती खूण शब्द म्हणून मोजली पाहिजे. ऐकण्याची तपासणी झाल्याशिवाय भाषेचा अंक काढूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे द्राव साठून ऐकू कमी येणे तर वारंवार आढळते.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांमध्ये अडचण उलट दिशेने येते. मूल शंभरापर्यंत आकडे म्हणते, मोबाइलवर हवा तो व्हिडिओ शोधते, आणि घरचे त्याला हुशार समजून निश्चिंत असतात. पण तहान लागली तर ते आईचा हात धरून माठाकडे नेते, बोट दाखवत नाही, आईच्या चेहऱ्याकडे पाहत नाही. अशा वेळी येणाऱ्या गोष्टींच्या यादीपेक्षा त्या कोणासाठी आणि कशासाठी वापरल्या जातात, ते पाहावे लागते.

बदल करून तपासण्याची एक किंमत मात्र असते आणि ती प्रामाणिकपणे मोजली पाहिजे. मोजपट्टीचे आकडे ठरलेल्या साहित्यावर, ठरलेल्या सूचनांवर मिळवलेले असतात. मी कप दूर ठेवले, बैलाला घुंगरू बांधले किंवा दोरीच्या टोकाला कडे अडकवून ते मुलाच्या मनगटात घातले, की मला मुलाबद्दल पुष्कळ कळते, पण त्यावरून प्रमाणित अंक काढण्याचा अधिकार मी गमावते. चांगल्या अहवालात म्हणून दोन्ही असते: नियमानुसार काय झाले, आणि वाट बदलून दिल्यावर काय झाले.

शिकवण्यासाठीच्या सूची या कामाला अधिक सोयीच्या पडतात, कारण त्यांत मुलाची तुलना इतर मुलांशी नसून कौशल्याच्या पायऱ्यांशी असते. चमच्याने वरण-भात खाणे हे एक कलम नसून चमचा धरणे, तो वाटीत नेणे, घास उचलणे, न सांडता तोंडापर्यंत आणणे, ओठांनी ओढून घेणे आणि चमचा परत नेणे अशी साखळी आहे. प्रत्येक कडीपुढे मूल ते आपणहून करते, सांगितल्यावर करते, खूण केल्यावर करते की हात धरल्यावर, हे लिहायचे. 'खात नाही' या दोन शब्दांनी काहीच हाती लागत नाही, तर 'घास उचलतो, पण मनगट वळत नसल्याने तोंडाजवळ येताना सांडतो' या नोंदीतून उपाय सुचतो: वाकवलेला चमचा, आणि कोपराला टेकू.

कधी अडसर मुलात नसतोच. घरात आजी भरवते, कारण पोर सांडते आणि उशीर होतो. तिसरे वर्ष लागले तरी त्याच्या हातात चमचा आलेला नसतो. मग 'येत नाही' आणि 'संधी मिळाली नाही' यांत फरक करावा लागतो. त्यासाठी पालकांना "हा स्वतः जेवतो का?" असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर आईच्या मनाच्या ओढीनुसार हो किंवा नाही असे येते. "काल रात्री तो कसा जेवला, ते सुरुवातीपासून सांगा" असे म्हटले की कोण बसले, कोणी भरवले, मोबाइल समोर होता का, सगळे बाहेर येते.

भाषेबाबत आपल्या शहरात विशेष जपावे लागते. नागपुरातल्या अनेक घरांत मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात येतात, काही घरांत गोंडी किंवा छत्तीसगढीही असते. चित्रातल्या मुलाला मूल 'पोट्टा' म्हणाले, तर ते अचूक उत्तर आहे. दोन भाषांत मिळून किती शब्द आहेत ते मोजायचे. एकाच भाषेची यादी लावली, तर दोन भाषांत वाढणारे मूल विनाकारण मागे दिसते.

माझ्या सुरुवातीच्या काळातली एक चूक सांगते. मे महिन्यातील दुपार होती, एक कुटुंब उमरेडच्या पुढून एसटीने आले होते, आणि मूल उन्हाने पार कोमेजलेले होते. चिमटीने बारीक मणी उचलण्याचे कलम मी तीनदा करून पाहिले आणि 'नाही' असे लिहून टाकले. आई निघण्याची तयारी करत असताना तिच्या पिशवीतून मुरमुरे सांडले, आणि तेच मूल जमिनीवर बसून अंगठा आणि तर्जनीच्या टोकांत एकेक मुरमुरा पकडून खाऊ लागले. तेव्हापासून उन्हाळ्यात मी सकाळच्याच वेळा देते, पहिली पंधरा मिनिटे काहीच तपासत नाही, आणि मुलाची झोप, जेवण, झटक्यांचे औषध केव्हा झाले ते कागदाच्या अगदी वर लिहिते.

म्हणून येताना पालकांनी जन्माच्या वेळची कागदपत्रे, ऐकण्या-पाहण्याच्या तपासण्यांचे अहवाल आणि मूल वापरत असलेला चष्मा किंवा श्रवणयंत्र तर आणावेच, पण घरचा चमचा, आवडते खेळणे आणि मूल घरात खेळत असताना, जेवत असताना काढलेले दोन-चार मिनिटांचे व्हिडिओही आणावेत.

त्या अडीच वर्षांच्या मुलाच्या आईजवळ असा एक व्हिडिओ निघाला. स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून तो स्टीलचे डबे रचत होता. तीन डबे झाले, चौथा घसरला आणि तो टाळ्या वाजवून हसला. रचण्याची कल्पना त्याच्या डोक्यात पक्की होती. डब्याला दोन्ही हातांचे पंजे लावता येतात, तर इंचभराच्या ठोकळ्याला बोटांची टोके लागतात, आणि डाउन सिंड्रोममुळे स्नायू सैल असल्याने त्याच्या बोटांना तेवढा नेम अजून आलेला नव्हता. ठोकळ्यांच्या कलमापुढे मी 'नाही' असेच लिहिले, कारण नियमानुसार ते तसेच होते. खाली लिहिले की घरी दोन्ही हातांनी तीन डबे रचतो, लहान वस्तू मुठीत धरतो, ऐकण्याची तपासणी झालेली नाही, ती आधी करावी. आणि पुढच्या तीन महिन्यांसाठी आईला काम दिले: मोठ्या डब्यांनंतर वाट्या, वाट्यांनंतर हिंगाच्या रिकाम्या डब्या, आणि त्या जमू लागल्या की ठोकळे.

"म्हंजे पास का नापास?" तिने कागद घडी करता करता पुन्हा विचारले. मी तिला कागद पुन्हा उघडायला लावला आणि वाट्यांच्या ओळीवर बोट ठेवले. तिने ती ओळ वाचली आणि विचारले, "मंग चहाचे कप चालतीन का? वाट्या तर आमच्या घरी दोनच हायेत."